ऑफिस सुटल्यावर शिकायचं का, आणि शिकायचं तर नेमकं काय?

अर्धविराम

सहा वर्षं जावा. पुण्यातली सर्व्हिस कंपनी, क्लायंट इंग्लंडमधला, विमा क्षेत्रातला. शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. कोड अजून जावा ८ आणि स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) २.७ वर. यंदा अप्रेझलमध्ये शेरा आलाय, 'सेल्फ लर्निंग कमी'. कंपनीच्या पोर्टलवर वर्षाला ४० तास भरायचे असतात, पण टाइमशीटमध्ये ते तास नोंदवायला कोड नाही, म्हणजे ते घरूनच भरायचे. आता क्लायंट जावा १७ आणि बूट ३ वर जायचं म्हणतोय. मॅनेजर म्हणतात, "तोवर सगळ्यांनी शिकून घ्या."

घरी लहान मूल आहे, रोज दोन तास काढणं शक्य नाही. तर ऑफिसबाहेर शिकायलाच हवं का? हवं असेल तर आठवड्याला किती, आणि काय? 'शिकत राहिलं पाहिजे' एवढं मलाही माहीत आहे, ते कृपया सांगू नका.

स्टॅकट्रेस

जावा ८ वरून १७ वर जाणं हे सेल्फ लर्निंग नव्हे, मायग्रेशन आहे, म्हणजे जुना कोड नव्या आवृत्तीवर नेणं. क्लायंट त्याचे पैसे मोजणार आहे, तेव्हा त्याचा अभ्यासही एस्टिमेटमध्येच यायला हवा. 'शिकून घ्या' म्हटलं की तेवढे तास एस्टिमेटमधून गायब होतात आणि तुमच्या रविवारात जाऊन बसतात. मात्र एस्टिमेटमध्ये काय लिहायचं हे कुणालाच सांगता आलं नाही, तर मॅनेजरलाही दुसरा मार्ग राहत नाही. म्हणून तपशील देतो.

दोन्ही उड्या एकदम मारू नका. आधी जावा १७ घ्या आणि बूट २.७ वरच ठेवा. ते १७ वर व्यवस्थित चालतं. दोन्ही एकत्र बदललं आणि बिल्ड मोडला, तर कशानं मोडला हे शोधण्यातच आठवडा जातो. जेडीकेसोबत (जावाच्या मूळ साधनसंचासोबत) येणारं जेडेप्स हे टूल जेडीके-इंटर्नल्स हा पर्याय देऊन तुमच्या आणि डिपेंडन्सींच्या (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींच्या) जार फाइलींवर चालवा. जेडीकेच्या आतल्या क्लासना कोण हात घालतंय त्याची यादी मिळेल. मग मेव्हन या बिल्ड टूलने डिपेंडन्सी ट्री काढा. लोम्बोक (नेहमीचा कोड आपोआप तयार करणारी लायब्ररी) १.१८.२२ च्या आधीचं असेल तर ते आधी वर न्या, नाहीतर १७ वर कंपाइलच होणार नाही. एक्सएमएलसाठीचं जॅक्सबी जावा ११ मध्येच जेडीकेतून काढून टाकलंय, आणि विम्याच्या प्रोजेक्टमध्ये एक्सएमएल कुठे ना कुठे असणारच. ती डिपेंडन्सी वेगळी घालावी लागेल.

कंपाइल झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. जेडीकेच्या आतल्या वस्तूंपर्यंत रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकावून) पोचणं १६ पासून मुळातच बंद आहे, आणि ते सरसकट पुन्हा उघडणारा पर्यायही १७ मध्ये गेला. त्यामुळे जुन्या लायब्ररी चालू झाल्यावर फुटतात, 'इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट' असं एक्सेप्शन येतं. अ‍ॅड-ओपन्स हा स्टार्टअपचा पर्याय लावून ते गप्प करता येतं, पण खरा उपाय लायब्ररी अपग्रेड करणं हाच. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये गेलेलं अ‍ॅड-ओपन्स पुढे कुणी काढत नाही.

मग बूट ३. इथे जावाएक्स या पॅकेजनावाच्या जागी जकार्ता येतं. सरसकट फाइंड-रिप्लेस करणारे इथेच आपटतात. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन ही पॅकेजेस जकार्तात गेली, पण जावाएक्सखालची एसक्यूएल आणि क्रिप्टो ही खुद्द जेडीकेची आहेत, ती जागची हलत नाहीत. हे काम ओपनरीराइट या कोड बदलणाऱ्या टूलच्या तयार रेसिपीने करून घ्या आणि फरक माणसाने वाचा. स्प्रिंग सिक्युरिटी ६ मध्ये वेब सिक्युरिटी कॉन्फिगरर अ‍ॅडॅप्टर हा क्लासच उरलेला नाही. त्याला वारसा सांगणारं सगळं कॉन्फिगरेशन फिल्टर चेनच्या बीनमध्ये नव्याने लिहावं लागेल. यूआरएलच्या शेवटचा स्लॅश पूर्वी चालून जायचा, आता ४०४ येतो. क्लायंटची एखादी जुनी सिस्टिम स्लॅश लावून हाक मारत असेल तर ते थेट प्रॉडक्शनमध्येच कळतं, म्हणून गेटवेचे लॉग आधी चाळा.

आणि सगळ्यात फसवं म्हणजे हायबरनेट ६, क्लास आणि डेटाबेसची टेबलं जोडणारी लायब्ररी. आयडी तयार करताना वेगळं नाव दिलेलं नसेल, तर आधी सगळ्या एंटिटींसाठी (टेबलाशी जोडलेल्या क्लाससाठी) एकच सामाईक सीक्वेन्स (डेटाबेसमधला क्रमांक देणारा गणक) वापरला जायचा. आता प्रत्येक एंटिटीचा स्वतंत्र सीक्वेन्स शोधला जातो. टेस्ट एच२ या हलक्या डेटाबेसवर चालत असतील आणि तिथे स्कीमा (टेबलांची रचना) आपोआप तयार होत असेल, तर नवे सीक्वेन्सही आपोआप तयार होतात आणि सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतात. खऱ्या डेटाबेसवर पहिलाच इन्सर्ट फसतो. जुनी नावं चालू ठेवणारी सेटिंग उपलब्ध आहे, ती आधी लावून घ्या.

हे पाच-सहा तिकिटांत लिहा आणि प्रत्येकाला 'स्पाइक (ठरावीक वेळेतला शोध), ४ तास, शेवटी एक पानाची टिपणी' अशी मर्यादा घाला. बूट २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपलाय, तेव्हा 'हे आत्ता कशाला' असं क्लायंट विचारणार नाही.

घाटमाथा

स्टॅकट्रेस यांचं पटलं. पण मग स्वतःच्या वेळेत काय शिकायचं? माझा निकष असा, की जे ऑफिस मुद्दाम कधीच शिकवणार नाही आणि प्रोजेक्ट बदलला तरी लागेल, तेवढंच. फ्रेमवर्क त्यात येत नाही. अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कचा सपोर्ट २०२१ अखेर संपला. त्याच्या डायजेस्ट सायकलचे बारकावे ज्यांनी रात्री जागून पाठ केले, त्यांचा तो वेळ वाया गेला. त्याच लोकांनी एचटीटीपी कॅशिंग शिकून घेतलं असतं तर ते आजही कामाला आलं असतं.

जावावाल्या माणसासाठी मी डेटाबेस पहिला ठेवेन. लॅपटॉपवर डॉकरमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू करा. पॉलिसीसारखं एक टेबल करा: क्रमांक, ग्राहकाचा ईमेल, स्थिती, तयार झाल्याची वेळ. जनरेट सिरीज वापरून १० लाख ओळी भरा आणि भरून झाल्यावर अ‍ॅनालाइझ चालवा, नाहीतर प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) जुनी आकडेवारी राहते आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. वेळेच्या कॉलमवर इंडेक्स टाका. आता एका दिवसाच्या पॉलिसी दोन तऱ्हांनी काढा: एकदा कॉलमला डेट फंक्शन लावून, एकदा 'या वेळेपासून त्या वेळेच्या आत' अशी अट घालून. दोन्हीवर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवा, म्हणजे डेटाबेसने क्वेरी कशी चालवली तो प्लॅन दिसेल. पहिल्यात इंडेक्स असूनही सगळं टेबल चाळलं जाईल, कारण इंडेक्स कॉलमच्या किमतीवर आहे, फंक्शनच्या उत्तरावर नाही.

मग तो इंडेक्स काढून टाका, स्थिती आणि वेळ मिळून एक इंडेक्स करा आणि नुसत्या वेळेवर शोधून प्लॅन कसा बदलतो ते पाहा. नंतर ईमेल 'अमुकपासून सुरू होतो' असं लाइकने शोधा. साधा इंडेक्स इथे बहुतेक वेळा वापरला जात नाही, कारण डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) 'सी' नसेल तर टेक्स्ट पॅटर्न ऑप्स लावून वेगळा इंडेक्स करावा लागतो. प्रत्येक प्लॅनमध्ये अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. त्यांच्यात शंभरपट फरक दिसला की दुखणं तिथेच असतं. एक इशारा: एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ ती क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीटवर लावायचं असेल तर ट्रान्झॅक्शन उघडा आणि शेवटी रोलबॅक करा.

दुसरा सराव कनेक्शन पूलचा, म्हणजे डेटाबेसच्या उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचा. बूटमध्ये हिकारी येतो, त्याची डीफॉल्ट मर्यादा १० कनेक्शन आणि ताटकळण्याची मुदत ३० सेकंद. पूल २ वर आणा, ट्रान्झॅक्शनच्या आत ५ सेकंदांची झोप घाला, त्या झोपेआधी डेटाबेसला एकदा तरी हात लागेल असं पाहा, आणि एकाच वेळी २० रिक्वेस्ट सोडा. बारा-चौदा पार पडतील, उरलेल्या ३० सेकंद थांबून फसतील. ते चालू असतानाच जेस्टॅकने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची नोंद) घ्या आणि बहुतेक थ्रेड कुठे अडकलेत ते वाचा. प्रॉडक्शनमध्ये हेच घडतं. फक्त झोपेच्या जागी ट्रान्झॅक्शनच्या आत केलेला दुसऱ्या सर्व्हिसचा कॉल असतो. लोक पूल ५० करतात आणि रडगाणं डेटाबेसकडे ढकलतात.

दोन्ही मिळून सहा-सात तासांचं काम आहे.

रिकामा_कप

वरचं सगळं उपयोगाचं आहे, पण 'स्वतःच्या वेळेत' हे गृहीत धरायला माझी हरकत आहे. थ्रेड डंप वाचता येण्याचा फायदा कुणाला? कंपनीला. मग तास तिचे का नकोत? शिफ्ट नऊ तासांची, वर हिंजवडीसारख्या ठिकाणी जाऊन-येऊन दोन तास सहज. त्यानंतरच्या वेळेवर अप्रेझलचा शेरा येत असेल, तर तो शेरा कौशल्यावर नसून घरी कोण मोकळं आहे यावर आहे. ज्यांच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी आई-वडील आहेत ते या मोजमापात कायम मागे पडणार, आणि त्यात बायका जास्त हे सांगायला नको.

सर्व्हिस कंपनीत गोम यूटिलायझेशनची असते. तुमचा प्रत्येक तास बिलेबल (क्लायंटला बिल लावता येईल असा) दिसायला हवा, म्हणून शिकण्याला कोड नसतो. हे तोंडी भांडून सुटत नाही. मॅनेजरला मेल करा, साधारण असा: "पोर्टलच्या ४० तासांसाठी टाइमशीटमध्ये कोणता कोड वापरावा? महिन्याला साधारण सव्वातीन-साडेतीन तास होतात. शुक्रवारी शेवटचा एक तास असा विभागून ठेवला तर रिलीझला अडचण येणार नाही." हिशेब करून दिलेल्या मागणीला 'नाही' म्हणणं जड जातं, आणि म्हटलंच तर ते लेखी राहतं. पुढच्या अप्रेझलला 'सेल्फ लर्निंग कमी' आलं की तोच मेल पुढे करायचा.

शिवाय कामातच शिकता येतं, पण ते कुणी मोजत नाही. आपल्या नसलेल्या मॉड्यूलचे पुल रिक्वेस्ट (कोड बदलाचे प्रस्ताव) आठवड्याला दोन वाचा. प्रॉडक्शनचा इन्सिडंट दुसऱ्याने सोडवला तरी त्याचं टिपण मागून घ्या. डिपेंडन्सीची आवृत्ती बदलताना रिलीझ नोट्स वाचून मगच आकडा बदला. दहा मिनिटं लागतात.

घाटमाथा

@रिकामा_कप, तत्त्व मान्य, मेलचा मसुदाही उत्तम. पण बेंचवर (प्रोजेक्टविना) आल्यावर तत्त्व मुलाखत देत नाही. क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळला की नवा प्रोजेक्ट शोधायला थोडेच आठवडे मिळतात, आणि तिथे 'मला कोड मिळाला नाही म्हणून शिकलो नाही' हे उत्तर चालत नाही. कंपनीकडून तास मिळवायचेच. ते मिळेपर्यंत स्वतःच्या विम्याचा हप्ता म्हणून थोडे तास काढायचे. मी आठवड्याला तीनच म्हणतोय, रोज दोन नव्हे.

रिकामा_कप

तीन ठीक. पण ते अप्रेझल फॉर्ममध्ये लिहायचे नाहीत. एकदा लिहिले की पुढच्या वर्षी सगळ्यांना सक्तीचे होतात.

चौथी_सीट

किती आणि केव्हा, याबद्दल. रात्री दहाला सुटणाऱ्या माणसाने रात्री अभ्यास करू नये. झोप तोडून वाचलेलं राहत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या कामातही चुका होतात. तुमच्या शिफ्टचा एकमेव फायदा म्हणजे सकाळ. मंगळवार आणि गुरुवार सकाळी ४०-४५ मिनिटं, शनिवारी सलग दीड तास. सलग वेळ हवाच, कारण डॉकर उठवणं, डेटा भरणं यातच वीस मिनिटं जातात. छोट्या बैठका वाचायला, मोठी हात चालवायला.

सगळ्यात जास्त वेळ व्हिडिओ कोर्समध्ये वाया जातो. दीडपट वेगाने बारा तासांचा कोर्स संपतो, सर्टिफिकेट मिळतं, आणि कोरी फाइल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही. कारण साधं आहे: बघताना ओळखीचं वाटतं, लिहिताना आठवावं लागतं, आणि सराव आठवण्याचाच करायचा असतो. वीस मिनिटं बघितलं की बंद करा, न बघता तेच लिहून काढा. अडाल तिथेच परत बघा. दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या फाइलमध्ये लिहा, आठवड्याने आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला सुरळीत आलं तर पुढे जा. एआय सहायकाचंही तसंच. आधी स्वतः चुकीचं का होईना उत्तर लिहा, मग 'यात काय चुकलं' विचारा. उलट क्रमाने केलं तर तो व्हिडिओचाच प्रकार होतो.

सर्टिफिकेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून: एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा ६५ प्रश्नांची, १३० मिनिटांची, फी १५० डॉलर, १००० पैकी ७२० ला पास, मुदत तीन वर्षं. सर्व्हिस कंपन्यांना पार्टनर दर्जासाठी ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं लागतात, त्यामुळे तुमचं सर्टिफिकेट ही कंपनीचीही गरज आहे. व्हाउचर मागा. देताना 'वर्षभरात सोडलंत तर फी परत' असं कलम असतं, ते वाचून सही करा. डंप्स (बाहेर फुटलेले प्रश्न) पाठ करून देऊ नका; पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि न पकडलं तरी पहिल्याच तांत्रिक फेरीत उघडं पडतं.

घरून क्लाउडचा सराव करणाऱ्यांसाठी: नॅट गेटवे (खाजगी सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) फुकट नसतो. एडब्ल्यूएसच्या व्हर्जिनिया रीजनमध्ये तासाला ०.०४५ डॉलर, म्हणजे विसरून चालू राहिला तर महिन्याला ३२ डॉलरच्या वर, डेटाचे वेगळे. फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर पडतात. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, पण तो नुसता मेल पाठवतो, काही बंद करत नाही. सगळं टेराफॉर्म या टूलने उभारा आणि उठताना डिस्ट्रॉय करून उठा.

कलम_सतरा

कायद्याची बाजू थोडक्यात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ (सी) नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. घरी केलेला सरावाचा प्रोजेक्ट 'नोकरीच्या ओघात' येतो का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो, आणि बऱ्याच नेमणूक पत्रांतली कलमं कायद्यापेक्षाही रुंद असतात. तेव्हा पत्र काढून वाचा. सराव स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ईमेलच्या खात्यातून, ऑफिसच्या वेळेबाहेर करा. क्लायंटचा कोड, स्कीमा किंवा लॉग 'फक्त सरावासाठी' घरी आणू नका, बाहेरच्या एआय टूलमध्ये चिकटवू तर अजिबातच नका. घाटमाथा यांनी डेटा जनरेट करायला सांगितलाय, ते याही कारणाने बरोबर आहे. ओपन सोर्समध्ये पॅच द्यायचा असेल तर आधी मेलवर परवानगी घ्या.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. स्पाइकची तिकिटं लिहायला घेतली आहेत. एक अडचण: लीड म्हणतात, "क्लायंट फिक्स्ड प्राइसवर (आधीच ठरलेल्या एकूण रकमेवर) आहे, शिकण्याचे तास दाखवले तर तुम्हाला येत नाही असं वाटेल."

स्टॅकट्रेस

तिकिटात 'शिकणे' हा शब्दच नको. 'जोखीम निश्चिती' लिहा, आणि प्रत्येकाला प्रश्नाचं रूप द्या. 'बूट ३ शिकणे' असं न लिहिता 'कोणत्या टेबलांचे सीक्वेन्स नव्याने तयार करावे लागतील?', 'गेटवेच्या महिनाभराच्या लॉगमध्ये स्लॅशने संपणाऱ्या किती रिक्वेस्ट आहेत, कोणत्या सिस्टिमकडून?', 'कोणत्या लायब्ररीला जकार्ता आवृत्तीच नाही?' फिक्स्ड प्राइसमध्ये तर लीडना हे जास्तच हवं असायला पाहिजे, कारण चुकलेल्या अंदाजाचे पैसे तिथे क्लायंट देत नाही.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करा. जुनी सोप (एक्सएमएल संदेशांच्या पद्धतीची) क्लायंट लायब्ररी किंवा पीडीएफ बनवणारं एखादं जार अडलं, तर बाकीचं वेळापत्रक त्यावरच ठरेल.